सायटिका आणि महिन्याच्या फीचा डॉक्टर : अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

विसर्जन झालं आणि मंडळाने भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही खुर्च्या आवरायला लागलो. मी घडीच्या चार खुर्च्या एकदम उचलल्या, गाडीकडे वळले आणि कमरेत कटकन काहीतरी झालं. उसण भरली असेल म्हणून घरी येऊन शेक घेतला. तिसऱ्या दिवशी कंबर बरीच मोकळी झाली, पण डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पावलाच्या कडेने करंगळीपर्यंत तार ओढल्यासारखी कळ सुरू झाली. नुसतं शिंकलं तरी ती टाचेपर्यंत जायची.

पुण्यात असते तर त्याच संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले असते आणि दुसऱ्या दिवशी हातात एमआरआय असता. इथे नॉर्थ कॅरोलिनात इन्शुरन्सच्या यादीतल्या एका मोठ्या दवाखान्यात फोन केला, तर साडेतीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. ती वेळ आली तेव्हा भेट बारा मिनिटांत आटोपली. पायाला कुणी हात लावला नाही. स्नायू सैल करायच्या गोळ्या आणि व्यायामाचा छापील कागद मिळाला. पुढची भेट सहा आठवड्यांनी. मी गाडीत बसून रडले, कारण मुंग्या वाढत होत्या आणि ते सांगायचं कुणाला हेच कळत नव्हतं.

त्यानंतर ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे डायरेक्ट प्रायमरी केअर, म्हणजे डीपीसी, हा दरमहा फी देऊन थेट डॉक्टर मिळण्याचा प्रकार कळला आणि माझा पाय तिथे बरा झाला. मी डॉक्टर नाही. पण हा आजार आणि ही व्यवस्था दोन्ही मी जवळून पाहिली आहेत, आणि नव्याने आलेल्या आपल्या माणसांचे त्याबद्दल मला सारखे फोन येतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सायटिकात, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यात, बहुतेकांना यंत्रापेक्षा पुन्हापुन्हा पाय तपासणारा डॉक्टर जास्त लागतो. या देशात तो इन्शुरन्सच्या रांगेत सहज मिळत नाही, महिन्याच्या फीवर मिळू शकतो.

आधी हे तपासा, बाकी सगळं नंतर

लघवी तुंबली आहे, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला आहे. सायकलवर बसल्यावर सीटला जो भाग टेकतो तो बधिर झाला आहे. दोन्ही पायांतली ताकद गेली आहे. यातलं एकही लक्षण असेल तर डीपीसीच्या डॉक्टरांना मेसेज करून उत्तराची वाट पाहू नका, थेट रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा, नेणारं कुणी नसेल तर ९११ लावा. कण्याच्या खालच्या टोकाला असलेल्या नसांच्या गुच्छावर दाब येतो, त्याला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. तो दाब शस्त्रक्रियेने लवकर काढावा लागतो, नाहीतर नुकसान कायमचं राहू शकतं. बिलाच्या धास्तीने घरी थांबू नका. १९८६ च्या एम्टाला कायद्यानुसार इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, इन्शुरन्स असो वा नसो, तपासून स्थिर करणं बहुतेक सर्व रुग्णालयांना बंधनकारक आहे. बिलाचं नंतर बघता येतं.

पाऊल अचानक लुळं पडून चालताना जमिनीवर फटफट आपटायला लागलं, तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. कंबरदुखीबरोबर ताप असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, कारण नसताना वजन उतरलं असेल, पडल्यामुळे दुखणं सुरू झालं असेल किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल, तरी त्याच दिवशी फोन करा.

हे खरंच सायटिका आहे का

सायटिक ही शरीरातली सर्वांत जाड नस. कमरेच्या खालच्या मणक्यांतून आणि त्याखालच्या त्रिकोणी हाडाच्या (त्रिकास्थीच्या) भागातून निघालेली मुळं एकत्र येऊन ती बनते आणि कुल्ल्यातून खाली पायात उतरते. दुखणं पायात जाणवतं, पण बिघाड बहुतेक वेळा कमरेत असतो: दोन मणक्यांमधली गादी मागे सरकते आणि एखाद्या मुळाला टेकते. आपल्याकडे याला सर्रास ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणतात. हा शब्द इथल्या डॉक्टरांसमोर वापरू नका, त्यांना त्यातून काहीच कळत नाही. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात, गिधाडासारखी चाल होते म्हणून. कळ टाळायला मी पाय ओढत चालायचे, तेव्हा त्या नावाचा अर्थ नीट कळला.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर पायाचं चित्र काढा आणि कळ कुठून कुठे जाते ते रंगवा. मुंग्या वेगळ्या रंगाने दाखवा. पाऊल वरच्या बाजूने आणि अंगठ्याकडे बधिर असेल, अंगठा वर उचलायला जड जात असेल, तर बहुधा कमरेच्या पाचव्या मणक्याजवळचं एल-५ मूळ. पोटरी, टाच, पावलाची बाहेरची कड आणि करंगळी यांत दुखत असेल, चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर त्याखालचं एस-१. माझं एस-१ होतं. दुखणं गुडघ्याच्या वरच थांबत असेल तर कदाचित ते सायटिका नसेलही, स्नायूंचं किंवा खुब्याचं असू शकेल.

आपल्या लोकांत आणखी दोन गोष्टींची गल्लत होते. मधुमेहामुळे किंवा बी-१२ कमी झाल्यामुळेही पायांत मुंग्या येतात, पण त्या बहुधा दोन्ही तळव्यांत येतात आणि कंबर दुखत नाही. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ तपासून घ्या. डीपीसीत ही तपासणी अनेकदा थोड्या डॉलरांत होते.

डीपीसी म्हणजे काय आणि काय नाही

डॉक्टरांना दरमहा ठरलेली फी द्यायची. मोठ्या माणसाला ती साधारण ५० ते १०० डॉलरच्या आसपास असते, मोठ्या शहरांत जास्त. त्या बदल्यात हव्या तितक्या भेटी, अर्ध्या तासाची किंवा तासाभराची वेळ, फोन आणि मेसेजवर थेट डॉक्टर, आणि बहुतेक वेळा त्याच किंवा दुसऱ्या दिवशीची भेट. डॉक्टर इन्शुरन्सला बिल पाठवतच नाहीत. इन्शुरन्सवर चालणाऱ्या दवाखान्यात एका डॉक्टरच्या नावावर दोन हजारांहून अधिक रुग्ण असतात, डीपीसीत बहुधा काही शेच. वेळ उरतो तो त्यामुळे. कन्सीयर्ज नावाचा महागडा प्रकार वेगळा, तिथे फीही घेतात आणि इन्शुरन्सलाही बिल लावतात.

मला यात लहानपणीचे फॅमिली डॉक्टर दिसले. त्यांना घरातल्या चौघांची दुखणी तोंडपाठ असायची.

पण डीपीसी म्हणजे इन्शुरन्स नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. एमआरआय, इंजेक्शन, शस्त्रक्रिया, रुग्णालयातला मुक्काम हे काहीही त्या फीत येत नाही. डीपीसी मिळाली म्हणून कंपनीचा इन्शुरन्स सोडणं ही मोठी चूक ठरेल. ज्यांच्याकडे काहीच इन्शुरन्स नाही त्यांना डीपीसीचा आधार नक्की होतो, पण सायटिकाच्या काही रुग्णांना शस्त्रक्रिया लागते आणि तिचं बिल खिशातून भरणं सोपं नसतं.

डॉक्टर शोधणं आणि पहिला फोन

डीपीसी फ्रंटियर नावाच्या संकेतस्थळावर देशभरातल्या अशा दवाखान्यांचा नकाशा आहे. तुमचा पिनकोड, म्हणजे इथला झिप कोड, टाका आणि अर्ध्या तासात गाडीने गाठता येतील असे दोन-तीन निवडा. कळ चालू असताना पाऊण तास गाडी चालवणं फार कठीण जातं. बहुतेक ठिकाणी नाव नोंदवण्याआधी डॉक्टर फोनवर दहा-पंधरा मिनिटं फुकट बोलतात. तेव्हा मोकळेपणाने विचारा.

मी विचारलं होतं: सायटिकाचे रुग्ण तुम्ही स्वतः सांभाळता की लगेच पुढे पाठवता? मेसेजला उत्तर तुम्ही देता की नर्स? रात्री नऊनंतर काय? तुम्ही रजेवर असताना कोण पाहतं? ओळखीचा फिजिओथेरपिस्ट आणि रोख दराने एमआरआय करणारं केंद्र आहे का? साधी औषधं दवाखान्यातच देता का? काही राज्यांत डॉक्टरांनी औषध विकण्यावर बंधनं आहेत, तिथे दुकानातूनच घ्यावं लागेल. नोंदणी फी आहे का, सभासदत्व सोडून पुन्हा आलं तर ती परत भरावी लागते का, आणि सोडायचं असेल तर किती दिवस आधी कळवायचं?

वर्षाची फी एकदम भरल्यास सूट देतात. पहिल्या वर्षी तो मोह टाळा. हे छोटे व्यवसाय असतात आणि काही बंदही पडतात. सिएटलची क्लायन्स ही या पद्धतीतली सुरुवातीची गाजलेली कंपनी २००७ मध्ये निघाली आणि २०१७ मध्ये बंद झाली. महिन्यामहिन्याने भरलेलं बरं.

इन्शुरन्सशी जुळतं का, ते आधी पाहा

नव्याने आलेल्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडं सावकाश सांगते.

तुमचा प्लॅन पीपीओ, म्हणजे तज्ज्ञाकडे जायला प्रायमरी डॉक्टरांची चिठ्ठी न मागणारा, असेल तर फार अडचण नाही. डीपीसीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला एमआरआय किंवा तज्ज्ञाची भेट बहुधा चालते, फक्त ते केंद्र आणि तो तज्ज्ञ तुमच्या प्लॅनच्या यादीत असले पाहिजेत. एचएमओ, म्हणजे ठरावीक डॉक्टरांच्या साखळीपुरता प्लॅन, असेल तर सांभाळून. तिथे पुढे पाठवण्याची चिठ्ठी प्लॅनने नेमलेल्या प्रायमरी डॉक्टरांचीच लागते आणि डीपीसीचे डॉक्टर त्या यादीत नसतात. अशा वेळी कागदोपत्री एक डॉक्टर आणि प्रत्यक्षात दुसरा अशी दुहेरी व्यवस्था ठेवावी लागते. जमतं, पण आधी माहीत असलं पाहिजे. कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा आणि विचारा, ‘यादीबाहेरच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या तपासण्यांना पैसे मिळतील का?’ उत्तर देणाऱ्याचं नाव, तारीख आणि संभाषणाचा क्रमांक लिहून ठेवा.

आता एचएसए, म्हणजे आरोग्याच्या खर्चासाठी करमुक्त बचतीचं खातं. आयटीतल्या बऱ्याच जणांचा प्लॅन जास्त डिडक्टिबलचा (इन्शुरन्सने पैसे देण्याआधी वर्षभरात स्वतः भरायची रक्कम) असतो आणि त्याबरोबर एचएसए खातं. २०२६ साठी असा प्लॅन ठरण्याकरता एकट्याचं डिडक्टिबल किमान १,७०० डॉलर आणि कुटुंबाचं ३,४०० डॉलर असावं लागतं. पूर्वी अडचण अशी होती की आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, डीपीसीलाच एक आरोग्य योजना समजायचं, त्यामुळे सभासद झालात की एचएसएत पैसे टाकण्याचा हक्क धोक्यात यायचा. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने हे बदललं. १ जानेवारी २०२६ पासून एकट्याची फी महिन्याला १५० डॉलरपर्यंत आणि एकापेक्षा जास्त माणसांची ३०० डॉलरपर्यंत असेल तर एचएसए शाबूत राहतं, आणि ती फी एचएसएतूनच भरताही येते. मर्यादेच्या वर गेलात तर फक्त वरच्या रकमेचा प्रश्न उरत नाही, एचएसएत भर घालण्याची पात्रताच जाऊ शकते. म्हणून १६० डॉलरवाला दवाखाना निवडताना दोनदा विचार करा. डॉक्टरांना थेट विचारा, ‘तुमची फी एचएसएच्या नव्या नियमात बसते का?’ चांगल्या दवाखान्यांकडे याचं उत्तर तयार असतं.

पहिली भेट

कागदावरचं चित्र, घेत असलेल्या सगळ्या गोळ्या आणि भारतातून आणलेल्या औषधांची पाकिटंसुद्धा बरोबर न्या. हाफ पँट किंवा सैल कपडे घाला.

माझ्या डॉक्टरांनी पहिली वीस मिनिटं नुसतं ऐकून घेतलं. मग चालायला लावलं, टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं. पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला. उजवा पाय सहज वर गेला, डावा चाळीस अंशांच्या आसपास गेला आणि कळ पोटरीत उतरली. मांडीत नुसता ताण बसणं आणि कळ गुडघ्याखाली जाणं यांत फरक आहे, ते डॉक्टरांना नेमकं सांगा. मग टाचेच्या मागच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. उजवं पाऊल उडालं, डावं जागचं हललं नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायला आणि टाच वर-खाली करायला सांगितलं. उजव्या पायावर वीस झाल्या. डाव्यावर सहा, सातव्याला टाच उचललीच नाही. डॉक्टरांनी आकडा लिहिला आणि म्हणाल्या, ‘हे दर रविवारी मोजा आणि मला कळवा. दुखणं कमी-जास्त होईल, त्याने घाबरू नका. हा आकडा खाली आला तर मात्र त्याच दिवशी फोन करा.’ कळ किती हे सांगणं अवघड असतं, दिवसागणिक बदलतं. सहाचे चार झाले की सात झाले, हे स्पष्ट कळतं. एल-५ चा त्रास असेल तर अंगठा वर दाबून धरण्याची ताकद आणि टाचांवर चालणं पाहतात.

पहिल्या भेटीत कुणी पाय तपासलाच नाही, तर त्या डीपीसीत राहू नका.

पहिले सहा आठवडे

बहुतेक लोकांचा सायटिका सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बराच उतरतो. सरकलेल्या गादीचा तुकडा अनेकदा आपोआप आक्रसतो. हे माहीत असणं म्हणजे अर्धा धीर.

आई रोज फोनवर विचारायची, ‘अगं, पट्टा लावलास का? फळीवर झोपतेस ना?’ तिच्या काळात डॉक्टर तीन आठवडे फळीवर झोपवायचे. पण १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात सायटिकाच्या रुग्णांना दोन आठवडे अंथरुणात ठेवून पाहिलं आणि झोपून राहिलेले लोक हिंडत्या-फिरत्यांपेक्षा लवकर बरे झाले नाहीत. पहिले एक-दोन दिवस कळ असह्य असेल तर पडून राहा, नंतर थोडं थोडं चाला. मी घराच्या रस्त्यावर पाच मिनिटांपासून सुरुवात केली, दिवसातून सहा वेळा. अर्ध्या तासाहून जास्त एका जागी बसले नाही. मीटिंगमध्ये उभी राहायचे आणि लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवायचे.

योगासनांबद्दल कळकळीने सांगते. गादी सरकलेली असताना पुढे वाकणं बहुतेकांना बाधतं. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि त्यामुळे सूर्यनमस्कारही काही आठवडे थांबवा. पोटावर झोपून कोपरांवर, मग तळहातांवर छाती उचलणं, म्हणजे भुजंगासनाच्या जवळचं, अनेकांना सोसतं. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या पद्धतीत हाच व्यायाम मुख्य आहे. त्यात पाहायची खूण अशी: कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत अशी वर सरकत गेली तर चांगलं, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. व्यायामाने कळ खाली पावलाकडे उतरली तर तो व्यायाम थांबवा. उतारवयातल्या ज्या लोकांना मणक्यातला मार्ग अरुंद झाल्यामुळे त्रास होतो, त्यांचं नेमकं उलट असतं, त्यांना पुढे वाकल्यावर बरं वाटतं. दुकानात ट्रॉलीवर ओणवं होऊन चाललं की बरं वाटतं, असं आई-वडील सांगत असतील तर डॉक्टरांना हे अवश्य सांगा.

फिजिओथेरपी लवकर सुरू केलेली बरी. सगळ्या राज्यांत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना काही ना काही प्रमाणात थेट फिजिओकडे जाता येतं, पण डीपीसीतून गेलात तर दोघं एकमेकांशी बोलतात. माझ्या डॉक्टरांच्या ओळखीच्या फिजिओंनी रोख १२० डॉलर घेतले. पाच भेटी पुरल्या, कारण मधल्या काळात मी व्यायामाचे व्हिडिओ काढून पाठवायचे आणि चूक मेसेजवरच सुधारली जायची.

औषधांत आपल्या घरोघरी एक धोका असतो. भारतातून आणलेल्या कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. इथली अ‍ॅडव्हिल म्हणजे आयबुप्रोफेनच, आणि टायलेनॉल म्हणजे पॅरासिटामॉलच. दुखतंय म्हणून तिन्ही घेतल्या तर दोन्ही औषधं नकळत दुप्पट होतात. व्होवेरान आणि अलीव्ह हीदेखील आयबुप्रोफेनच्याच जातीची, ती एकत्र घ्यायची नसतात. मूत्रपिंड, रक्तदाब, अल्सर, रक्त पातळ करायच्या गोळ्या यांपैकी काही असेल तर यातली एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पाकिटाचा फोटो पाठवून विचारणं डीपीसीत एका मिनिटाचं काम आहे.

नसांच्या दुखण्यासाठी म्हणून प्रीगाबालिन सुचवलं जातं. २०१७ मध्ये एका मोठ्या चाचणीत सायटिकासाठी ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, उलट चक्कर मात्र जास्त आली. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडबद्दलही २०१५ ची चाचणी आहे: हालचाल थोडी सुधारली, कळ विशेष कमी झाली नाही. मधुमेह असेल तर स्टेरॉइडने साखर भडकते. म्हणून कुठलीही गोळी सुरू करताना विचारा, ‘ही कशासाठी आणि किती दिवस?’ तुमच्या डॉक्टरांकडे सांगायला वेळ आहे, तो वापरा.

एमआरआय कधी आणि कुठे

धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआय लागत नाही, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांचंच मार्गदर्शन आहे. आपल्याला हे पटायला जड जातं, मलाही गेलं. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय तपासले तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. म्हणजे फिल्ममध्ये गादी फुगलेली दिसली की तीच दुखण्याचं कारण, असं नव्हे. ताकद कमी होत असेल, सहा आठवड्यांनी फरक नसेल, किंवा इंजेक्शन-शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर एमआरआय हवाच.

तेव्हा दोन दर मागवा. इन्शुरन्समधून किती पडेल आणि रोखीने किती? रुग्णालयातल्या केंद्रात कंबरेच्या एमआरआयचं बिल काही हजार डॉलर होऊ शकतं, तोच स्वतंत्र केंद्रात रोखीने काही शे डॉलरमध्ये होतो. डिडक्टिबल भरलेलं नसेल तर रोख स्वस्त पडतं. मात्र ते पैसे बहुधा डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत, त्यामुळे पुढे शस्त्रक्रियेची शक्यता दिसत असेल तर गणित वेगळं. रोखीने करणार असाल तर आधी लेखी अंदाज मागा. १ जानेवारी २०२२ पासून तो तुमचा हक्क आहे, आणि अंतिम बिल त्या अंदाजाहून ४०० डॉलर किंवा अधिक वाढलं तर तक्रार करता येते.

इन्शुरन्समधून करायचा असेल तर आधी मंजुरी घ्यावी लागते. सहा आठवडे व्यायाम आणि औषधं करून पाहिली, याची तारीखवार नोंद कंपनी मागते. डीपीसीत बरंचसं बोलणं मेसेजवर होतं, म्हणून डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा की प्रत्येक टप्प्याची नोंद फाइलमध्ये हवी. नोंद नसेल तर कंपनी मंजुरी नाकारते आणि रुग्णाचे आणखी सहा आठवडे जातात.

पुढे जावं लागलं तर

कण्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काहींना थोड्या दिवसांचा आराम मिळतो, पण फरक लहान असतो. व्यायाम करण्याइतकी कळ कमी व्हावी म्हणून ते घेणं समजू शकतं.

शस्त्रक्रियेबद्दल आपल्या घरांत फार भीती असते. नेदरलँड्समध्येच तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची लवकर शस्त्रक्रिया केली त्यांचा पाय लवकर मोकळा झाला. ज्यांनी वाट पाहिली त्यांच्यापैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली. पण वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. म्हणजे ताकद जात नसेल तर घाई नाही, आणि कळ सोसवत नसेल तर शस्त्रक्रिया हा पराभवही नाही. सर्जनकडे जाताना डीपीसीच्या डॉक्टरांकडून सगळ्या आठवड्यांचा एकपानी गोषवारा घेऊन जा. माझ्या एका मैत्रिणीच्या सर्जननी तो पाहून पहिल्याच भेटीत निर्णय दिला.

आई-बाबा आलेले असतील तर

पंधरा-सोळा तासांचं विमान आणि तेवीस किलोच्या दोन बॅगा, यानंतर कंबर धरणं नवलाचं नाही. पाहुण्यांच्या इन्शुरन्समध्ये जुनी दुखणी सहसा वगळलेली असतात, आणि कंबरदुखी जुनी ठरवणं कंपनीला सोपं जातं. काही डीपीसी दवाखाने पाहुण्यांना महिन्यामहिन्याच्या बोलीवर घेतात, ते येण्याआधीच विचारून ठेवा. भारतातल्या गोळ्यांची यादी इथल्या मूळ औषधांच्या नावांनी लिहून ठेवा. बाबा रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि रक्त पातळ करायची इकोस्प्रिन घेत असतील तर त्यावर आयबुप्रोफेनची भर मूत्रपिंडाला आणि पोटाला दोन्हीला महागात पडू शकते. आणि डॉक्टरांसमोर लघवी-शौचाचे प्रश्न निघाले की आपली वडीलधारी मंडळी संकोचाने ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात. ते प्रश्न तुम्ही आदल्या रात्री घरी, मराठीत विचारून घ्या.

सभासदत्व किती दिवस ठेवायचं

कळ गेली की लगेच सोडू नका. ताकद परत यायला कळ जाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि पहिल्या वर्षात दुखणं पुन्हा उलटणं बऱ्याच जणांना होतं. माझी कळ नवव्या आठवड्यात थांबली, तेव्हा डाव्या टाचेचा आकडा अकरावर होता. अठरावर यायला आणखी तीन महिने गेले. बधिर करंगळीला त्याहून जास्त वेळ लागला.

नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर जाण्याच्या महिनाभर आधी सोडत असल्याचं लेखी कळवा. डॉक्टरांचा परवाना राज्यापुरता असतो, त्यामुळे तिथून मेसेजवर उपचार चालू राहतीलच असं नाही. तपासण्यांच्या नोंदी, एमआरआयचा अहवाल आणि त्याच्या चित्रांची सीडी किंवा लिंक, आणि फिजिओने दिलेली व्यायामांची यादी यांच्या प्रती मागून घ्या. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर अजून ते दोन आकडे आहेत, उजवा वीस आणि डावा सहा.